नाकातोचं हसू

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी ऑफिसातली भांडणंसुद्धा शब्दन् शब्द सांगते. आता सांगतेय, पण आधीच बजावते: माझी बाजू समजून घ्यायला जाऊ नका.

माझा डावा पाय पोलिओने गेलेला. अकोल्यात दहावी झाल्यावर सगळ्या नातेवाइकांनी एकच धोशा लावला होता — पोरीला शिवणक्लासला घाला, बसून करायचं काम आहे. मी अडून बसले. भांडले, जेवण सोडलं, इंजिनियर झाले. आज परदेशात, आइंडहोवनमध्ये चिप बनवणाऱ्या मशीनवर काम करते, आणि पायाला कॅलिपरचा आधार लावून ताठ चालते. ही गोष्ट सांगायला मला आवडतं. फार आवडतं.

म्हणूनच मराइकेने मला गाठलं. इथल्याच लायडन शहरातली ही निवृत्त शिक्षिका युगांडात अपंग मुलांसाठी केंद्र चालवते — ऑपरेशननंतरचे व्यायाम, कॅलिपर, कुबड्या, आणि मग पोट भरता येईल असं काहीतरी काम शिकवायचं. "तुला बघून मुलींना धीर येईल," ती म्हणाली. मी सुट्टी काढून गेले. देणगीदारांना दाखवायची फिल्मही मीच करायची ठरली.

केंद्र वाईट होतं का? मुळीच नाही. रांगत आलेली पोरं तिथून चालत घरी जात होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याबद्दल कोणी नाक मुरडलं तर आजही भांडेन.

तिथे शिवणाच्या वर्गात नाकातो होती. सोळा-सतरा वर्षांची. लहानपणी चुकीच्या जागी इंजेक्शन टोचल्यामुळे तिचा एक पाय वाळलेला — दिसायला थेट माझ्यासारखा. कॅमेरा लावून मी तिला विचारलं, शिवण आवडतं का?

"नाही," ती म्हणाली. "मला मोबाइल दुरुस्त करायला शिकायचंय. इथे म्हणतात, तो मुलग्यांचा वर्ग." मग माझ्या पायाकडे बघून, अगदी साधेपणाने, "मॅडम, तुम्ही शिवण शिकलात?"

मी कॅमेरा बंद केला.

थांबा — इथवर काहीच नाही. गडबडून कॅमेरा कोणीही बंद करेल. पण परत आल्यावर, आइंडहोवनच्या घरी, शांत डोक्याने मी काय केलं? तिचं उत्तर कापलं. सुरुवातीला माइक लावताना मी मराठीत काहीतरी पुटपुटले होते, त्यावर ती खुदकन हसली होती — ते हसू उचललं आणि माझ्या प्रश्नापुढे चिकटवलं. शिवण आवडतं का? आणि मग ते हसू. सांधा कोणालाही दिसला नाही.

झूटरमेरमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. मग मी स्टेजवर गेले आणि माझी गोष्ट सांगितली — शिवणक्लासला नाही म्हणणाऱ्या मुलीची. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. माझ्यामागे पडद्यावर नाकातो हसत होती.

त्या देणग्यांतून केंद्रात काय उभं राहिलं? शिवणाचा आणखी एक वर्ग.

काही महिन्यांनी मराइकेचा फोन आला. "ती हसरी मुलगी केंद्र सोडून गेली गं. कोणाला न सांगता. इतकी खूश होती — मला कळतच नाही." तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मराइकेने ऐकलं असतं. मोबाइलच्या वर्गात मुलींना बसवलंही असतं. मी म्हणाले, "हो ना, कमालच आहे."

का? केंद्रासाठी, देणग्यांसाठी — असं म्हणायची सोय आहे. तुम्हीही तेच म्हणाल. नका म्हणू, तुमचा चांगुलपणा मला नकोय. नाकातोचं खरं उत्तर दाखवलं असतं तरी लोकांनी हात आखडता घेतला नसता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. खरं एवढंच, की त्या हॉलमध्ये 'नाही' म्हणणारी मुलगी एकच असायला हवी होती. मी.

ती फिल्म अजून दाखवतात. मी अजून बोलावलं की जाते, बोलते, टाळ्या घेते.

नाकातो कुठे आहे, मला माहीत नाही. केंद्राकडे तिच्या गावाचा पत्ता असणार. मराइकेकडे मागितला तर संध्याकाळपर्यंत मिळेल. मी मागितलेला नाही.