कैद्याचं टक्कल

गोंदियातल्या आमच्या हौशी मंडळाने काळ्या पाण्याच्या कैद्यांवरचं ऐतिहासिक नाटक बसवायला घेतलं, तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो आणि तोवर मिळालेली माझी सर्वांत मोठी भूमिका शिपायाची होती. तिच्यात एकच वाक्य होतं. तेही एकदा मी विसरलो. तरी या खेपेला मुख्य कैदी मीच, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

दिग्दर्शक एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळं अस्सल लागे. बेड्यांसाठी त्यांनी बैलांच्या साखळ्या आणल्या आणि पहिल्याच तालमीला सांगितलं, "मेन कैदी टकलाच पाहिजे. टोप-बिप नाही चालनार. पन ज्याचा बाप जित्ता आहे, त्यानं नाव नोको देऊ. बाप असताना पोराचं डोकं भादरल्याचं पाप मी नाही घेनार."

 माझे बाबा बोदलकशाजवळच्या आमच्या गावात ठणठणीत होते. त्याच सकाळी फोनवर त्यांनी मला अर्धा तास पिडलं होतं. मी हात वर केला. "माझे नाहीत, सर," म्हणालो आणि आवाज जरासा कापरा केला. आयुष्यात तेवढाच अभिनय मला नीट जमला. सरांनी खांद्यावर हात ठेवला, भूमिका मिळाली.

डोकं भादरल्यावर महिनाभर मी गावाकडे फिरकलोच नाही. ऑफिसात काम फार आहे, असं बाबांना सांगायचो. "जेवत जाय टाइमावर," एवढंच ते म्हणायचे. लाज वाटायची, पण भूमिका सोडण्याइतकी नाही.

प्रयोग गोंदियातच होता. पडदा उघडण्याआधी सरांनी माइक घेतला आणि जाहीर केलं, की आमच्या प्रमुख कलाकाराने हे टक्कल आपल्या स्वर्गवासी वडिलांना अर्पण केलं आहे. टाळ्या पडल्या. मी विंगेतून डोकावलो. दुसऱ्या रांगेत माझी बायको आणि तिच्या शेजारी बाबा! मला खूश करायला तिने त्यांना गावाहून बोलावून घेतलं होतं. दोघंही टाळ्या वाजवत नव्हते.

मग मी काय दिवे लावले ते सांगत नाही. दुसऱ्या अंकातलं भाषण पहिल्यातच म्हणून टाकलं. प्रयोग संपल्यावर बाबा एकटेच मागे आले.

"आपन कोन, काका?" सरांनी विचारलं.

बाबांनी माझ्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं. "मी याच्या बापाचा दोस्त."

सरांनी लगेच खुर्ची दिली. "कसे होते हो याचे वडील?"

"भोळा मानूस," बाबा म्हणाले. "पोरगा सांगे ते सारं खरं माने."

मला रडूच फुटलं. पायातल्या साखळीसकट मी खाली बसलो. सर माझी पाठ थोपटत म्हणाले, "रडून घे. बाप काय असते, ते गेल्यावरच समजते."

"हो ना," बाबा म्हणाले.