गाणं संपेपर्यंत हात हलवायचा नाही

चिमट्याने स्टीलच्या ट्रेवर दोनदा टकटक करायचं, समोरच्याचा जखमी हात आपल्या गुडघ्यावर ओढून घ्यायचा आणि बजावायचं, "गाणं संपेपर्यंत हात हलवायचा नाही." एवढं झालं की सिस्टर गायला लागायच्या.

चेन्नईजवळ, इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात मोटारींचे सुटे भाग बनतात. तिथल्या दवाखान्याच्या खोलीत त्या पंधरा-सोळा वर्षं होत्या. बुटक्या, चष्म्याला दोरी बांधलेल्या, तिरुनेल्वेलीकडच्या. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टर.

मी साताऱ्याहून येऊन चारच दिवस झाले होते. तमिळचा गंध नव्हता. पत्र्याच्या धारेने तळहात फाटला, तेव्हा मला कोणीतरी त्यांच्यासमोर नेऊन बसवलं. त्या मोडक्या हिंदीत काहीतरी बोलल्या आणि गाऊ लागल्या. मला वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. पण गाण्याची चाल संथ होती, एका जागी वर चढून हळूच खाली उतरणारी. ती पुन्हा कधी चढते याची वाट बघताना आयोडीन लावून झालं होतं.

"संपलं, तंबी," त्या म्हणाल्या. गाणंही संपलं होतं आणि पट्टीही. तंबी म्हणजे धाकटा भाऊ, हे मला नंतर कळलं.

पुढे कळलं की त्यांच्याकडे जखमेच्या मापाचं गाणं असे. खरचटलं तर नुसतं धृपद. टाका पडण्याजोगं असेल तर दोन कडवी. भाजलं असेल तर सगळी. प्रेस शॉपमधले लोक एकमेकांना विचारायचे, "किती लागलंय?" उत्तर यायचं, "दोन कडव्यांचं." अशी भाषा तुम्ही दुसऱ्या कुठल्या कारखान्यात ऐकली असेल असं मला वाटत नाही.

गाणी सगळी चर्चमधली. एकदा एका नव्या मॅनेजरने त्यांना बोलावून सांगितलं, कामाच्या जागी प्रार्थना नको. "बरं सर," म्हणून त्या परत आल्या आणि त्या दिवसापासून शब्द सोडून नुसती चाल गुणगुणू लागल्या. मॅनेजर एकदा दारात उभे राहून ऐकत राहिले. आता हरकत नेमकी कशाला घ्यायची, हे त्यांना सुचलं नसावं. महिन्याभरात शब्द हळूहळू परत आले.

आम्ही दोघंही तांबरमला राहायचो, त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये बहुतेकदा शेजारी. तोपर्यंत माझं तमिळ बरं झालं होतं. एकदा मी विचारलं, "सिस्टर, गाण्याने जखम भरते?"

"जखम औषधाने भरते," त्या म्हणाल्या. "गाणं आहे ते थांबायला. माणसाला थांबता येत नाही ना." मग त्यांनी सांगितलं की नर्सिंग शिकताना त्यांची पहिली नेमणूक मिशनच्या दवाखान्यात, भाजलेल्यांच्या वॉर्डात होती. तिथली म्हातारी नर्स पट्टी बदलताना गायची. यांना पहिल्या दिवशी रडू कोसळलं, तर ती म्हणाली, रडू नकोस, माझ्यामागून गा. त्या गाऊ लागल्या आणि त्यांच्या हातून पट्टी नीट बदलून झाली. "म्हणजे मी पेशंटसाठी गात होते असं नाही, तंबी. अजूनही नाही."

तुम्ही आमच्यात या, असं त्या मला कधीच म्हणाल्या नाहीत. ख्रिसमसला केक मात्र न चुकता मिळे.

मग त्यांच्या गळ्यात गाठ झाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांत येईल. सहा महिन्यांनी म्हणाले, वर्षात येईल. राहिली ती एक खरखर. जवळ कान नेला तर समजायची.

सिस्टर कामावर परत आल्या. पट्ट्या पूर्वीसारख्याच नीट बांधत. पण खोलीत आता पंख्याचा आवाज ऐकू यायचा. लोक मान खाली घालून बसत, आणि काम झालं की पटकन उठून जात. हात पूर्वीपेक्षा जास्त हलत असावेत, कारण पट्टी बांधायला सुरुवात करून त्या मध्येच थांबलेल्या मी दोनदा पाहिल्या.

रविवारी चर्चला जाणंही त्यांनी सोडलं. बसमध्ये माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "मी त्याच्याशी बोलत नाही." 'त्याच्याशी' म्हणजे कोणाशी, ते मला एक स्टॉप उलटून गेल्यावर कळलं. "त्याच्याकडे इतके आवाज आहेत," त्या म्हणाल्या, "माझाच कशाला न्यायचा?"  

त्याच वर्षी हीट ट्रीटमेंटमध्ये, जिथे तापवलेले भाग तेलात बुडवतात, मुरुगन नावाच्या ऑपरेटरच्या हातावर गरम तेल उडालं. मी जवळच होतो. दोघांनी धरून त्याला दवाखान्यात आणलं. सिस्टरनी कात्रीने बाही कापली आणि हात नळाखाली धरला. वीस मिनिटं धरायला हवा होता. मुरुगन पन्नाशीचा, धिप्पाड माणूस. तो ओरडत हात मागे खेचत होता आणि त्यांच्याने तो धरवत नव्हता. हॉस्पिटलची गाडी यायला वेळ होता.

सिस्टरनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. मी कान जवळ नेला.

"गा."

"मी?"

"सात वर्षं ऐकलंयस. गा."

चाल मला पाठ होती, शब्द अर्धेमुर्धे. ते डोंगराचं गाणं होतं. देव माझा डोंगर, त्याच्या आड मी बसेन, असं काहीसं. मी सुरुवात केली. आमच्या घरात आरतीलासुद्धा मला कोणी पुढे उभं करत नाही, तेव्हा कसं गायलो असेन याची कल्पना करा. सिस्टर एका हाताने मुरुगनचं मनगट धरून दुसऱ्या हाताची बोटं वरखाली करत मला सूर दाखवत होत्या. मी तेच कडवं तिसऱ्यांदा म्हणत होतो, तेव्हा मुरुगन दात आवळून म्हणाला, "सार, मळै नाही. मलै."

तमिळमध्ये मलै म्हणजे डोंगर आणि मळै म्हणजे पाऊस. मी इतका वेळ देवाला पाऊस म्हणत होतो.

सिस्टरनी मान हलवली. त्या जे म्हणाल्या ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं. "राहू दे. भाजल्यावर पाऊसही चालेल."

मुरुगन हसला. रडता रडता हसला, म्हणून ते चांगलं दिसलं नाही, पण हसला. आणि मग शब्द दुरुस्त करत माझ्याबरोबर गाऊ लागला. तो स्वतः हिंदू, दर वर्षी नवसाची कावडी खांद्यावर घेऊन पळणीच्या देवळात जाणारा. दारात दोन-चार जण जमले होते. त्यांनाही ते पाठ होतं. वीस मिनिटं झाली तेव्हा गाडी आली. सिस्टरनी स्वच्छ कापडाने हात झाकला, त्याच्याबरोबर गाडीत बसल्या आणि दार ओढून घेतलं. मुरुगनचा हात बरा झाला. कोपराजवळ चट्टा राहिला.

त्यानंतरच्या रविवारी त्या चर्चला गेल्या. पुढे एकदा मलाही बोलावलं. मी मागच्या बाकावर बसलो. समोर गायकवृंदात, दुसऱ्या रांगेत सिस्टर उभ्या होत्या, पांढऱ्या साडीत, हातात वही. तोंड हलत होतं. आवाज अर्थातच नव्हता. बाहेर पडल्यावर मी विचारलं, तुम्ही तिथे का उभ्या राहता?

"माझ्या शेजारची बाई ताल चुकते," त्या म्हणाल्या. "माझे ओठ बघून गाते. मी नसताना तिने सगळ्यांची वाट लावली होती."

देवाशी बोलणं सुरू झालं का, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "थोडं थोडं. तोच जास्त बोलतो सध्या."

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि भावाकडे गावी जायला निघाल्या. मी तांबरमला गाडीवर पोचवायला गेलो होतो. संध्याकाळची गर्दी होती. एक ट्रंक, दोन पिशव्या आणि कुंडीतलं एक कढीलिंबाचं रोप. जागा खिडकीची होती. समोरच्या बाकावर एक तरुण बाई रडक्या तान्ह्या मुलीला खांद्यावर घेऊन थोपटत होती. मुलगी काही केल्या राहत नव्हती.

"पोचल्यावर फोन करा," मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली. फोनवर त्यांचं कोणाला काय ऐकू येणार? सिस्टरनी हाताने 'जा आता' अशी खूण केली.

गाडी हलली. त्या पुढे वाकल्या, त्या बाईला काही विचारलं असावं, कारण तिने मुलगी त्यांच्याकडे दिली. त्यांनी तिचं डोकं आपल्या गळ्याशी, ऑपरेशनच्या व्रणाजवळ टेकवलं आणि त्यांचे ओठ हलू लागले. मी थोडं अंतर खिडकीबरोबर चाललो. मग फलाट संपला.