आगीचा दिवा आणि माझे कान

"घरातली बेल तुम्हाला ऐकू येत नाही, आणि त्यांना नेमके तुमचेच कान सापडले?" बायको म्हणाली. तिचं बरोबरच होतं. विमानांच्या वायरिंगमध्ये उभा जन्म गेला माझा, इंजिनांच्या आवाजात कान अर्धे झालेले. निवृत्त होऊन नाशिकला निवांत बसलो होतो. तेवढ्यात अपघाताच्या चौकशीचं बोलावणं आलं.

एक छोटं खासगी विमान पडलं होतं. प्रवासी नव्हते, दोनच वैमानिक, दोघेही मराठी, दोघेही गेले. हवेत असताना डाव्या इंजिनाला आग लागली होती. ब्लॅक बॉक्स सापडला होता. पण मोठ्या विमानांच्या बॉक्समध्ये वेग, उंची, कुठली कळ कधी दाबली ते सगळं उतरतं, तसलं यात काही नव्हतं. नुसते आवाज. तेही दोघांच्या मधोमध छताला लावलेल्या एकाच मायक्रोफोनवरचे. चौकशी अधिकाऱ्याला मराठी येत नव्हतं. मराठी कळणारा आणि कॉकपिटमधलंही कळणारा माणूस हवा म्हणून त्यानं मला गाठलं. मीही शेफारलो, का खोटं बोलू?

हेडफोन लावून चार दिवस तेच तेच ऐकलं. आधी घंटा. मग ज्येष्ठ वैमानिकाचा आवाज, "आग, डावं इंजिन." मग उजवीकडच्या तरुण वैमानिकाचा आवाज. तो यादीतली एकेक गोष्ट वाचतो, इंजिन बंद होतं, विझवणाऱ्या गॅसची बाटली सोडल्याचं तो सांगतो. इथवर सगळं स्वच्छ. मग खरखर, वाऱ्याचा घोंघाट, आणि त्यातून त्याच तरुणाचे दोन शब्द आणि तिसऱ्याचं नुसतं टोक.

मी लिहिलं, "देवा... शांत..."

अधिकाऱ्यानं हिंदीत विचारलं, म्हणजे काय? मी म्हणालो, देवाचा धावा करतोय, शांत हो म्हणतोय, घाबरलाय पोरगा. त्यानं परत ऐकायला लावलं. परत तेच. त्यानं आणखी एकदा सांगितल्यावर माझं डोकंच फिरलं. "अहो, किती वेळा ऐकायचं? एवढं मराठी येतं मला!" असं म्हणून मी हेडफोन काढून टेबलावर आपटला. त्यानं निमूटपणे माझं वाक्य लिहून घेतलं.

त्या एका वाक्याचं पुढे काय झालं ते सांगतो. आग लागली तिथून जवळच एक धावपट्टी होती. तिथे न उतरता दोघे पुढच्या मोठ्या विमानतळाकडे निघाले, आणि वाटेतच पंख जळून विमान कोसळलं. जवळ का उतरले नाहीत, हाच चौकशीतला मोठा प्रश्न होता. अहवालाच्या मसुद्यात त्याचं उत्तर आलं. आग लागल्यावर कनिष्ठ वैमानिक भेदरला, आगीच्या इशाऱ्याच्या दिव्यावर नजर ठेवणं त्याचं काम होतं ते त्यानं सोडलं, त्यामुळे आग चालूच आहे हे दोघांनाही कळलं नाही. याला पुरावा काय? तर टेप. आणि टेपवरचं ऐकणारा मी.

मसुदा घरच्यांना दाखवून त्यांचं म्हणणं घ्यायचं असतं. तो तरुण पंचवटीतला निघाला. दुभाष्या म्हणून मी अधिकाऱ्याबरोबर गेलो. भाजीबाजाराच्या गल्लीत स्कूटर लावायलाही जागा नव्हती, दोन रिक्षांच्या फटीत कशीबशी घुसवली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. वडील गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, यात्रेकरूंचे विधी करणारे गुरुजी, नुकतेच घाटावरून आले होते. आई आतल्या दारात पाटावर बसली होती. स्टुलावर मुलाचा युनिफॉर्ममधला फोटो होता, पुढे निरांजन तेवत होतं.

गुरुजींनी मसुद्याचं मराठी भाषांतर दोनदा वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, "हे ‘देवा’ कुणी ऐकलं?"

"मी."

"तुम्ही कुठले?"

"कळवणकडचा."

"हं." कागद त्यांनी मांडीवर ठेवला. "अहो, आमच्या घरात देवाचं नाव घेणं हा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे पोराला त्याचा भारी कंटाळा. ठेच लागली तरी ‘आई गं’ म्हणायचा. मी चिडवायचो त्याला, बापाच्या गिऱ्हाइकांसमोर तरी एकदा देवा म्हण रे बाबा. नाही म्हणायचा."

मला वाटलं, झालं, आता बापाची माया सुरू झाली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरुजी, खाली जमिनीवर बसून बोलणं सोपं असतं. वर आग लागली की भले भले देवा म्हणतात."

अधिकाऱ्याला शब्द कळले नाहीत, सूर कळला असावा. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. गुरुजींचा आवाज मात्र चढला नाही. ते म्हणाले, "त्यानं चूक केली असेल तर खुशाल लिहा. मी सहन करीन. पण तो जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालू नका. भित्रा होता म्हणून आमचा मुलगा दोघांच्या जिवावर उठला, असं कागदोपत्री राहील हो हे. आम्ही गेल्यावरही राहील."

अधिकाऱ्याला घाम फुटला होता. गुरुजींनी उठून पंखा लावला. वाऱ्यानं मसुद्याची पानं फडफडली, आणि दारातून आई हळूच म्हणाली,

"अहो, दिवा शांत झाला."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. टेपवरचीच चाल. ‘दिवा’ घाईत उच्चारलेला, ‘शांत’वर किंचित थांबणं, आणि ‘झाला’ जवळजवळ गिळलेला.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

त्या ओशाळल्या. "काही नाही, निरांजन... पंख्यानं. लावते परत."

"तसं नव्हे. परत म्हणा ना, जसं म्हणालात तसं."

आमच्या कळवणकडे दिवा ‘इझतो’. आला वारा, इझला दिवा, लाव परत, संपलं. कारखान्यात आम्ही ‘लॅम्प ऑफ’ म्हणायचो. दिव्याला ‘विझला’ म्हणणं अशुभ, म्हणून तो शांत होतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लग्नाकार्यात कितीदा ऐकलंय. पण आगीच्या लाल इशाऱ्याला, विमानाच्या कॉकपिटमध्ये, कुणी तसं म्हणेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी विचारलं, "तो पण असंच म्हणायचा? कुठल्याही दिव्याला?"

"दुसरं कसं म्हणेल?" आई म्हणाली. "विझला म्हटलेलं मी ऐकूनच घेत नसे. लहानपणी टॉर्चचा सेल संपला तरी शांत झाला म्हणायचा. मित्र हसायचे त्याला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. देवा नव्हे, दिवा. भेदरून धावा करत नव्हता तो, दिव्यावर नजर ठेवून होता. आगीचा दिवा गेला, आणि प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे त्यानं ते मोठ्यानं सांगितलं. त्याचं काम चोख केलं होतं त्यानं. आणि मी, एवढं मराठी येतं म्हणणारा शहाणा, त्याच कामाला भित्रेपणा ठरवून बसलो होतो.

जिना उतरताना अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता त्यांच्या घरी बसून आलात, आईला पाहिलंत, म्हणून तुम्हाला तसं ऐकू येतंय." मी भर गल्लीत त्याच्यावर ओरडलो. मेथीच्या जुड्या लावणाऱ्या बाईनं वळून पाहिलं. पण त्याचं चुकलं नव्हतं. एकदा छातीठोकपणे चुकलेल्या माणसाच्या कानांवर त्यानं दुसऱ्यांदा का विश्वास ठेवावा?

मग त्यानं नीट केलं. काहीही न सांगता आणखी दोन मराठी माणसांना ते तुकडे ऐकवले. एकानं ठाम ‘दिवा’ लिहिलं. दुसरा म्हणाला, दिवा की देवा सांगता येत नाही, पण पुढे ‘शांत झा’ आहे, ‘शांत हो’ नक्की नाही. एवढ्यानं भागणार नव्हतं. मी म्हणालो, दिवा खरंच गेला असेल तर त्याचं कारण वायरमध्ये सापडेल. आणि वायर मला कळते.

अवशेषांच्या पिशव्या परत उघडल्या. इंजिनातून त्या दिव्याकडे येणारी वायर इंधनाच्या नळीला अगदी चिकटून नेलेली होती. तिचा वीतभर तुकडा मिळाला होता, वर चिठ्ठी होती, ‘पडल्यावर जळाली’. भिंग लावून पाहिलं तर तुटलेल्या टोकाला वितळलेल्या तांब्याचा बारीक मणी. असा मणी वायरमध्ये वीज असेल तरच होतो. आणि विमान आपटलं तेव्हा बॅटरी तुटून लांब फेकली गेली होती, म्हणजे त्यानंतर वीज कुठून येणार? वायर हवेतच जळाली होती. आग विझली म्हणून दिवा गेला नव्हता. आगीनं दिव्याचीच वायर खाल्ली होती. त्या दोघांना वाटलं बाटलीनं काम केलं, आग गेली, आता मोठ्या विमानतळावर नीट उतरू. कोणालाही तेच वाटलं असतं. मलाही.

अहवाल बदलला. भेदरल्याचं वाक्य गेलं. माझी चूक आत घालायला मी हट्टानं लावली, ‘पहिल्या ऐकणाऱ्याची चूक’ अशी. अधिकारी म्हणाला, गरज नाही. मी म्हणालो, मला आहे. शिफारशी लिहिताना आम्ही दोघे भरपूर भांडलो, पण ते भांडण चांगलं होतं. इशाऱ्याची वायर इंधनाच्या नळीपासून दूर न्या, तिला न जळणारं आवरण घाला. वायर तुटली तर दिवा नुसता जाऊ नये, बिघाड झालाय हे सांगणारा दुसरा दिवा लागावा. प्रत्येक वैमानिकाच्या तोंडाशी वेगळा मायक्रोफोन असावा. आणि छोट्या विमानाच्या बॉक्समध्येही इशाऱ्याचे दिवे कधी लागले, कधी गेले याची नोंद व्हावी, म्हणजे पुन्हा कुणाला माझ्यासारख्याच्या कानांवर अवलंबून राहावं लागणार नाही. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. काही मालकांनी वायरी बदलल्या, काही अजून पत्रव्यवहारच करतायत. विषय निघाला की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते, बायको उठून स्वयंपाकघरात जाते.

अंतिम अहवाल आला तेव्हा मी एकटाच पंचवटीत गेलो. गुरुजींनी याही वेळी दोनदा वाचलं.

"म्हणजे त्यानं आपलं काम केलं."

"केलं."

"आणि दिव्यानं फसवलं."

"हो. गुरुजी, मी त्या दिवशी तुम्हाला जे बोललो... आणि जे लिहिलं... मी चुकलो."

"चुकलात खरे," ते म्हणाले. जाऊ द्या वगैरे म्हणाले नाहीत. मला ते बरं वाटलं. त्यांनी अहवाल फोटोपुढे ठेवला आणि पाणी आणायला उठले.

आई तिथेच दारात होत्या. मागच्या वेळेपेक्षा वाळल्या होत्या. त्यांनी विचारलं, "त्यानंतर काय बोलला तो?"

अहवालाबाहेरचं एक अक्षरही कुणाला सांगणार नाही, अशी सही मी दिली होती. टेप तर घरच्यांनाही ऐकवत नाहीत. पण या बाईच्या तोंडच्या शब्दानं मला वाचवलं होतं, आणि तिलाच नाही म्हणायचं? नाही जमलं मला.

"काही बोलला नाही," मी म्हणालो. "हसला."

"हसला?"

"आग गेली असं वाटलं ना त्याला. सुटलो म्हणून. मी आधी त्याला धाप समजलो होतो."

"मोठ्यानं?"

"नाही. नाकातून. फुस्स करून, आणि मग श्वास आत ओढून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तसं करून दाखवलं, नाकातून फुस्स, आणि श्वास आत. अगदी तसंच होतं. मी मान हलवली.

"मग तोच होता तो," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला धरून खाली बसल्या.

गुरुजी पाण्याचा तांब्या घेऊन दारात थांबले होते. "आम्हाला शवपेटी उघडू दिली नव्हती," ते मला म्हणाले. "ही आजपर्यंत दोन ताटं वाढून त्याचं तिसरं घेऊन वाट बघत बसायची."