मारव्याचा अंतरा

रेणुकादास सरांना कुणी 'रचनाकार' म्हटलं की ते मागं वळून बघतात, दुसरंच कुणी उभं असल्यासारखं. लातुरात एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत ते गाणं शिकवतात. माझी मालविका शाळेत असल्यापासून त्यांच्याकडं जाते. आता ती बी.एस्सी.ला आहे, आणि तिचा आवाज बसेल, तिचा अभ्यास बुडेल, या काळजीत माझा जीव अजून तिथल्या जिन्यावरच असतो.

अलीकडं सर स्वतः बंदिशी बांधतात. आडत बाजारातल्या सौद्याच्या हाका ऐकून त्यांनी एक तराणा केला; तो पहिल्यांदा गायला तेव्हा समोर बसलेले दोन आडते आधी हसले आणि मग तेच 'पुन्हा घ्या' म्हणाले. पहाटे क्लासला पळणाऱ्या पोरांवर त्यांची भैरवातली एक छोटी बंदिश आहे. पण सगळीकडं मागणी असते ती मारव्याची. 'साँझ परी, अब दीप कौन धरे.' ही स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, सर घोळवून घोळवून गातात. पुढचा अंतरा मात्र एकदाच, घाईनं. बंदिश बांधणारा आपलं नाव अंतऱ्यात ओवतो, तीच त्याची सही. या अंतऱ्यात 'रेणुदास' येतं. स्वतःचं नाव घ्यायला लाजतात, असं मला वाटायचं.

यंदा नांदेडच्या एका मंडळानं फक्त सरांच्या रचनांची सभा ठेवली. मालविका गाणार, सर हार्मोनियमवर. कार्ड छापायचं काम मी आपणहून घेतलं.

"ताई, मारव्यापुढं माझं नाव नका टाकू," सर म्हणाले.

"मग कुणाचं टाकू?"

त्यांनी हार्मोनियमचा भाता बंद केला. "कुणाचंच नका टाकू."

केवढा विनय, असं मनात म्हणत मी सगळ्यांत ठळक अक्षरांत छापलं : मारवा, रचना रेणुकादास. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. सरांना आनंद व्हावा म्हणून एक कार्ड मी त्यांना न सांगता कंधारला पाठवलं, त्यांचे गुरू शिवप्पा गुरुजी यांच्या घरी. गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या पत्नी गुणाबाई तिथंच राहतात.

सभेच्या दिवशी पडदा सरकला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या गुणाबाई सरांना दिसल्या. हार्मोनियम पुसता पुसता त्यांचा हात थांबला. मग वाकून ते मालविकाच्या कानात काहीतरी बोलले.

मारवा सुरू झाला. स्थायी छान रंगली. आता अंतरा येईल, आता येईल म्हणून मी दुसऱ्या रांगेत ताटकळले. येईचना. पोरगी विसरली! मी ओठ हलवून तिला शब्द सांगू लागले, शेजारच्या बाईंनी माझ्याकडं बघितलं तरी थांबले नाही. तबल्यावरचा सुगत सरांकडं बघत होता. सरांची मान खाली. नुसत्या स्थायीवरच शेवटची तिहाई आली आणि गाणं संपलं. टाळ्या चाचपडत पडल्या.

मध्यंतरात मी तडक रंगमंचामागं गेले. "विसरलीस ना? तरी म्हणत होते, रोज म्हणून बघ!"

"आई, हळू. सरच म्हणाले, अंतरा घेऊ नको."

तेवढ्यात काठी टेकत गुणाबाई आत आल्या. हातात माझं कार्ड.

"कामून रे रेणू, अंतरा गिळलास?"

सर त्यांच्या पाया पडले आणि तसेच खाली बसून राहिले. "आई, ती स्थायी गुरुजींची हाय. त्यांचा अंतरा राहून गेला, म्हणून मी बांधला. नाव अंतऱ्यातच येतं. लोक सगळी बंदिशच माझी म्हणू लागले, अन् मी गप बसलो."

"मला सांगून राहिला व्हय! रोज ऐकायची मी त्यांच्या तोंडून, तेवढीच. पुढचं सुचंना म्हणून ताटावर बसून जेवत न्हवते."

"म्हणून आज अंतरा काढला."

"काढलास. पर त्यांचं नाव कुठं घेतलंस? तुझं बी गेलं अन् त्यांचं बी न्हाई आलं. एवढी माणसं आली ती अर्धं गाणं ऐकायला?" मग त्यांनी कार्ड वर धरलं. "अन् हे कुणी छापलं?"

"मी," मी म्हणाले. "सर नको म्हणाले होते."

"नको म्हणला आसंल. कामून नको, ते न्हाई म्हणला. लहानपणापासून आसाच हाय. लाडू खायचा अन् डबा पालथा घालून ठेवायचा."

सुगतला हसू आलं. सरांना नाही. मलाही नाही, कारण तो डबा चकचकीत पुसून लोकांपुढं मांडला होता मीच.

मध्यंतरानंतर सरांनी माइक घेतला. "मघाचा मारवा," ते म्हणाले, "त्याची स्थायी माझे गुरू शिवप्पा गुरुजींची. बंदिशीतला चांगला भाग तो. अंतरा माझा. हे मी आजवर कुठंच सांगितलं नाही." सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. ते बरंच झालं.

मालविकानं बंदिश पुन्हा घेतली, या वेळी पूर्ण. 'रेणुदास' आलं तेव्हा सरांचा हात पट्ट्यांवरून उचलला गेला आणि ते नाव तिनं एकटीनंच म्हटलं. पहिल्या रांगेत गुणाबाई मांडीवर ताल धरून होत्या.

परतताना आम्ही एकाच गाडीत होतो. उरलेली कार्डं माझ्या पिशवीत होती. पिशवी मी पायानं सीटखाली सरकवली. सरांची माफी मागायचं ठरवलं होतं, ती अजून राहिलीच होती.

वाटेतलं लोहा गाव मागं पडल्यावर मालविकानं विचारलं, "सर, पुढच्या वेळी गुरुजींचं नाव कधी सांगायचं? गाण्याच्या आधी का नंतर?"

"आधी," सर म्हणाले. खिडकीबाहेर बघत थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आधी."