फुवांचा तीन पायांचा घोडा

पृथ्वीतलावर असा एकही देव नाही, ज्याला तो का आहे हे आमच्या फुवांनी समजावून सांगितलेले नाही. फुवा म्हणजे आत्याचे यजमान, शहाद्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. माणूस ज्याला भितो आणि ज्याच्यावर जगतो, त्याचाच देव करतो, हे त्यांचे मूळ सूत्र. सातपुड्यात वाघ होता म्हणून वाघदेव, तापीकाठी पाटाचे पाणी आले म्हणून "देवांची संख्या घटली आणि देवळांची उंची वाढली." पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात बॉयलर पेटवताना इंजिनिअरने नारळ फोडला, तर फुवा त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "जिथे खात्री संपते, तिथे नारळ सुरू होतो. चालू द्या." सख्ख्या भावाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा कोणत्या समाजात कोणता पक्षी चालतो यावर त्यांनी पाऊण तास व्याख्यान दिले. कावळा शेवटी शिवला तो स्वतःची सुटका व्हावी म्हणून, असे फुई, म्हणजे आमची आत्या, आजही सांगते. फुई अहिराणीत बोलते, फुवा छापील मराठीत; चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांची भाषा फक्त ऐकली.

खापर गावाच्या पुढे डोंगरात एक देवस्थान आहे. देऊळ नाही, छप्पर नाही, सागाखाली नवसाचे मातीचे घोडे. शेकडो असतील, मला आणखी बोलू दिलेत तर लाखावर जातील. नवे पुढे, मोडके मागे. फुवांनी मागच्या ढिगातून उजवा पुढचा पाय मोडलेला एक उचलला. "टाकाऊ आहे," म्हणाले, आणि घरी आणून काचेच्या कपाटात ठेवला, दाराकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे तोंड उत्तरेला होते. उत्तरेला सातपुडा. "उसाचे ट्रॅक्टर जातात, हादरे बसतात," म्हणत फुवांनी तोंड फिरवले. तिसऱ्या दिवशी पुन्हा उत्तर. कपाटातले कप, फुलदाणी, फुवांचा सत्काराचा फोटो, कोणी तसूभर हलले नव्हते; हादरे फक्त घोड्याला बसत होते. मग तो वाजू लागला. भर दुपारी, पंखा बंद, बाहेर पान हलत नाही, आणि बंद काचेआड बारीक हुंकार, कोणी दमून श्वास सोडावा तसा. "आतून पोकळ असतो. हवा," फुवा म्हणाले. हवा आत शिरली कुठून, ते म्हणाले नाहीत. मी त्या घरचा चहा अंगणात उभ्यानेच पिऊ लागलो.

आठव्या दिवशी फुई दुपारी वाती वळायला बसली ती उठेना. उजवा पाय. पडली नाही, मुरगळला नाही, एक्सरेत हाड धड. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले, पाय लाकूड तो लाकूडच. खाटेवरून ती कपाटाकडे बघे. "त्याना बी उजवाच शे," मला म्हणाली. "तुन्हा फुवाले सांग, जठून लयना तठे ठी या. मन्हं कोन आयकस?"

चौथ्या दिवशी फुवा घोडा होता तिथे परत ठेवायला म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या गाडीत येऊन बसले. "मी हे मानत नाही," वाटेत सात वेळा म्हणाले. "तिच्या मनाला बरे वाटेल. श्रद्धेचा शरीरावर परिणाम होतो, एवढेच." तळोदा सोडले आणि कागदात हुंकार सुरू झाला. डोंगर जवळ येत गेला तसा मंदावला, आणि सागाखाली पोचलो तेव्हा थांबला. फुवाही थांबले.

तिथला राखणदार म्हातारा घोडा बघून हसला. "मोडलेलाच नेला, मास्तर? मोडला म्हणजे देव बसला त्याच्यावर. कोरा मागितला असता, तर दिला असता."

"घरी हिचा पाय आखडला आहे. मग आता?" फुवांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"आता काय. हा घरी आला. बाईसाठी कोरा ठेवा. देव बसला की मोडेल."

फुवांनी खापरच्या बाजारातून कोरा घोडा आणला, चपला काढून स्वतःच्या हाताने पहिल्या रांगेत ठेवला. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाले, "सहभागी निरीक्षण. शास्त्राला मान्य आहे." निरीक्षण डोळे मिटून करायचे असते, हे मला माहीत नव्हते.

महिन्याभरात फुई चालू लागली. डॉक्टर म्हणे गोळ्या, फुई म्हणे घोडा, फुवा म्हणत काळ. पण दर दोन महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून ते मला खापरला न्यायचे. घोडा धड असायचा. मग घरी येऊन फुईच्या चालण्याकडे असे बघत राहायचे, जणू ती पावले अजून कोणी मंजूरच केलेली नाहीत.

यंदा फुवांचेच गुडघे गेले. मे महिन्यात त्यांनी मला एकट्याला पाठवले. पहिल्या रांगेत त्यांचा घोडा होता, उजवा पाय मोडलेला, पाठीवरची धूळ मधोमध पुसलेली. आसपास चिटपाखरू नव्हते. हात लावला तर अंग गरम लागले. मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात गार काय असते म्हणा. पण तो सावलीत होता.

"मोडला," मी येऊन सांगितले.

"कोणता पाय?"

"उजवा."

मी वाट बघत राहिलो. माकडे, शेळ्या, वारा, कच्ची भाजणी, कितीतरी कारणे हाताशी होती. फुवांनी एकही घेतले नाही. बराच वेळ खिडकीतून उत्तरेकडे बघत होते. मग छापील मराठी सोडून, आपल्या आईच्या बोलीत, स्वयंपाकघराकडे हाक मारली, "आयकं का व, पाय कसा शे तुन्हा?"

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"चांगला चाली ऱ्हायना," फुई म्हणाली. "का बरं?"

"काई नही," फुवा म्हणाले. "सहज इचारं."