तारेखालची वाट

मास्तरांच्या कापायच्या टेबलावर खडूने एक डोंगर काढलेला होता, आणि तो पुसायची मास्तरांना बंदी होती.

"अगं, हे टेबल म्हणजे माझं पोट आहे," मास्तर म्हणाले. "त्याच्यावर तू डोंगर आणून ठेवलास. मी पँट कापू कुठे?"

"डोंगराच्या अलीकडे कापा. तिथे सगळी मोकळी जागाच आहे."

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, शिंपी मास्तर. आणि हा डोंगर काढणारी त्यांची बायको. तिला सगळे जीपताई म्हणत. लग्नात मिळालेलं नाव आता तिच्या आधारकार्डालाच काय ते आठवत असेल. वीज खात्यात ती जीप चालवायची. गाव संपलं की खांबांची रांग डोंगरावर चढते, माळ ओलांडते आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरते. त्या तारांच्या खालून एक वाट आहे. वाट म्हणायचं आपलं. दगड, ओघळ आणि निसरडी माती. लाइनमन जीपच्या मागच्या बाजूला उभा राहायचा, मान वर करून तार बघत, आणि ताई गाडी हाकायची. पहिल्याच आठवड्यात एका जुन्या लाइनमनने तिला सांगितलं होतं, "पोरी, माझी मान वर असते. मला खालचा खड्डा दिसत नाही. तो तू आपल्या अंगावर घ्यायचा." तो म्हातारा कधीच निवृत्त झाला, पण ताईने अर्धं आयुष्य तसेच खड्डे अंगावर घेतले.

मग खात्याने उडता कॅमेरा आणला. एक जण खोलीत बसून तारा तपासू लागला. "उंटावरून शेळ्या हाकायचं ऐकलं होतं, आता ते बघितलं," असं ताई म्हणाली खरी, पण जीप लिलावात निघाली तेव्हा तिचं हसू मावळलं. साहेब भला माणूस. तो म्हणाला, "तुमच्यासाठी आवक-जावकला खुर्ची ठेवलीय. सोमवारपर्यंत सांगा." ताईने मान डोलावली आणि बाहेर येऊन लिलावात तीच जीप घेतली.

आता तिच्या डोक्यात होती सफर. शहरातली माणसं डोंगर बघायला येतात आणि डांबरी रस्ता संपला की फोटो काढून परत जातात. त्यांना आपण जीपमधून वर न्यायचं. मागे समोरासमोर दोन बाकं, त्यांवर सहा माणसं. माळावर चहा, संध्याकाळच्या आत परत. परवान्यासाठी अर्ज दिला होता, माळाच्या फाटकाशी बसणाऱ्या मेंढपाळाला विचारून झालं होतं. दोर, पाणी, औषधांची पेटी, फावडं, सगळं दाराशी रचून ठेवलं होतं. राहिली होती घरची माणसं.

बुधवारी सकाळी नणंद चहाला आली. ती दवाखान्यात नर्स. हात हलका, जीभ जड.

"वहिनी, माणसं पैसे देऊन उलट्या करायला येतील होय गं तुझ्याकडे?"

"माझ्या गाडीत कुणी कधी उलटी केलेली नाही, वन्सं."

"केली नाही, कारण दादा कधी बसला नाही."

हे मात्र खरं होतं. मास्तरांचं पोट गावात प्रसिद्ध होतं. बसमध्ये चढले की पुढच्या थांब्याला उतरून चालत घरी यायचे. बायको एवढी ड्रायव्हर, पण तिच्या जीपमध्ये त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. जत्रेतल्या पाळण्याकडे बघूनसुद्धा त्यांना आल्याचा तुकडा लागायचा.

ताईला राग आला, आणि रागात माणूस नको तिथे मोठं बोलतो. "ठरलं तर मग! आज ह्यांनाच नेते. ह्यांचं पोट धड परत आलं तर जगात कुणाचंही येईल. आणि नाही आलं, तर सोमवारी मुकाट्याने त्या खुर्चीत जाऊन बसते. जीप विकून टाकते."

बोलताना तिची नजर भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे गेली, आणि तिची तीच चपापली. रोज त्या तसबिरीला हात जोडल्याशिवाय तिने गाडीची किल्ली कधी फिरवली नव्हती. तिथे बोललेलं तिला मागे घेता यायचं नाही.

"मला कुणी विचारलंय का?" मास्तर म्हणाले. पण दुकानाला सुट्टी होती, आणि बायकोचा चेहरा बघून त्यांनी गपचूप खिशात प्लॅस्टिकची पिशवी कोंबली.

नणंदेचे गुडघे दुखायचे, म्हणून ती पुढे बसली. मास्तर मागच्या आडव्या बाकावर, एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं पोट धरून. चढ सुरू व्हायच्या आधी ताईने गाडी थांबवली आणि चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. चाक जरा बसलं की दगडाला धरून चालतं, आतल्या माणसाला कमी हादरे बसतात.

"हवा काढायचीच तर आमच्या दादाची काढ," नणंद म्हणाली. "त्यालाही तेवढंच बरं वाटेल."

मागून फक्त एक हुंकार आला.

गाडी वाटेला लागली तशी ताईची कळी खुलली. "तो बघा, तो वाकडा. वादळात वाकला, तेव्हापासून तसाच उभा आहे. आणि ही सासूबाई. वारा असो नसो, सारखी करकर करणार. त्याच्या पुढचा नवरदेव, ह्याला सारखा नवा रंग लागतो. आणि तो..."

"वहिनी," नणंद म्हणाली, "हे खांब तुझे कोण लागतात?"

"म्हणजे?"

"अगं, माणसं येणार डोंगर बघायला. तू त्यांना खांब दाखवत बसणार?"

टेबलावरचा खडूचा नकाशा ताईच्या डोळ्यांपुढे आला. त्यात नुसते खांबच होते. ओढा नव्हता, दरी नव्हती, सूर्य कुठे मावळतो तेही नव्हतं. इतका काळ ह्या वाटेने ये-जा केली आणि आपण बघितलं काय, तर खांब! सफर दाखवायला निघालेल्या बाईला सफर ठाऊकच नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, थांबव... नको, थांबवू नको... थांबव."

आरशात मास्तरांचा चेहरा कच्च्या कैरीसारखा झाला होता. डोळे खाली, पायातल्या पत्र्यावर खिळलेले.

"खाली बघू नका!" ताई ओरडली. "वर बघा. तारेकडे. तुमच्या समोरच आहे. आमचे लाइनमन दिवसभर तारेकडे बघत यायचे, कुणाला कधी काही झालं नाही."

मास्तरांनी मान वर केली. तार खांबावरून निघायची, मध्ये जरा खाली यायची, पुढच्या खांबाला परत वर चढायची. खाली, वर. खाली, वर. गाडी हलत होती, पण ती तार आपल्या चालीनेच चालली होती. नणंदेने वळून बघितलं.

"धावदोरा आहे हा," मास्तर म्हणाले.

"काय?"

"धावदोरा घातलाय डोंगराला. टाका वर, टाका खाली. चांगला आहे हात." जरा थांबून ते म्हणाले, "त्या पलीकडच्या खांबाला ढील पडलीय मात्र."

खरंच पडली होती. त्या ढिलीची नोंद ताईनेच करायला लावली होती, आणि उडता कॅमेरा चालवणाऱ्याला अजून ती दिसायची होती. तिला हसू आलं. मागच्या माणसाचा रंग परतलेला आरशात बघून तिचा जीव भांड्यात पडला. तोंडाचं कुलूपही आपोआप उघडलं.

"आता येईल तो घरट्याचा खांब. तिथे घारीने ऐन टोकाला घरटं बांधलं होतं. तार आणि काटक्या एकत्र म्हणजे घारीचंही मरण आणि गावाचाही अंधार. वरून हुकूम आला, घरटं काढा. लाइनमन वर चढला, बघतो तर आत दोन पिल्लं. तसाच खाली उतरला. म्हणाला, माझी नोकरी गेली तरी चालेल..."

"मग?" नणंदेने विचारलं.

पण इथेच वाट तारेच्या खालून पलीकडे जाते. इतका वेळ मास्तरांच्या समोर असलेली तार एकदम त्यांच्या पाठीशी गेली. समोर उरला उघडा उतार आणि पायाखालचा थरथरणारा पत्रा. मान वळवून वळवून किती वळवणार? ताई ओघळातले दगड चुकवण्यात गुंतली होती. एक मोठा हादरा बसला आणि मास्तरांनी तिच्या सीटवर थाप मारली.

गाडी थांबली. मास्तर उतरले आणि घाईघाईने झुडपामागे गेले. परत आले तेव्हा रुमालाने तोंड पुसत होते. पिशवी कुठेच दिसत नव्हती.

"चपलेत खडा गेला होता," ते म्हणाले. "चला आता."

नणंद नर्स होती. "दादा," ती म्हणाली, "खडा तोंडाने काढलास वाटतं."

ताईने गाडी वळवली. मास्तरांना तिने पुढे बसवलं आणि नणंद कुरकुरत मागे गेली. परतीच्या वाटेवर ताईने एकही खांब दाखवला नाही. घरी आल्यावर तिने तसबिरीपुढे हात जोडले, पण मान वर केली नाही. मग बादली घेऊन जीप धुतली. चाकं, बाकं, चाकांच्या वरची माती, सगळं. लेकीला सासरी पाठवताना धुऊनपुसून पाठवतात तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तर मास्तर अंथरुणात नव्हते. दुकानातही नव्हते. जीपच्या मागच्या बाजूला गुडघ्यांवर बसून, गळ्यात टेप टाकून, ते बाकाचं माप घेत होते.

"विकायचीय ती," ताई म्हणाली. "कशाला मापं घेताय?"

"अगं, येताना मला काही झालं का?"

ताईला आठवेना. ती आपल्याच दुःखात होती.

"नाही झालं," मास्तर म्हणाले. "तीच वाट, तेच दगड, तीच तू. फक्त मी पुढे तोंड करून बसलो होतो. जाताना तू मला आडवं बसवलंस. तार समोर होती तोवर मी ठीक होतो, ती पाठीमागे गेली आणि मी गेलो. माणसाला आडवं बसवून कुठे नेतात गं? शिवताना कापड सुद्धा मी सरळ धरतो."

"खात्यात अशीच बाकं होती."

"खात्यात बसत कोण होतं? सगळे उभे असायचे ना?"

ताईने बाकांकडे बघितलं. एवढी वर्षं ती बाकं तिथे होती, आणि त्यांच्यावर दोरखंड आणि डबे ह्यांखेरीज कुणी बसलेलं तिला खरंच आठवेना.

"पण मी देवासमोर बोललेय," ती हळूच म्हणाली. "आणि तुम्ही खडा गेला म्हणून खोटं बोललात."

"बोललो. त्याचं माझं मी देवाशी बघून घेईन." मास्तरांनी टेप गुंडाळली. "आणि शब्द तू मला दिलास. देव नुसता ऐकत होता. तर तो शब्द मी तुला परत देतो, पण एका अटीवर. रविवारी मला पुन्हा न्यायचं, सरळ बसवून. तेव्हा जर झालं, तर सोमवारी मीच तुला खुर्चीपर्यंत सोडायला येईन. चालत."

ताई तसबिरीसमोर जाऊन उभी राहिली. काय बोलली ते तिचं तिला ठाऊक, पण बाहेर आली ती थेट वेल्डिंगवाल्याकडे गेली.

बाकं निघाली आणि पुढे तोंड करून दोन दोन बैठका दोन ओळींत लागल्या. मास्तरांनी जाड कापडाच्या गाद्या शिवल्या. पाठ टेकते तिथे त्यांनी दुहेरी थर घातला, कारण कुठे लागतं ते त्यांच्या मणक्याला पक्कं ठाऊक झालं होतं. हे ठरलं ते टेबलावर. ताईने डोंगराशेजारी गाडी काढून सहा गोल काढले होते. मास्तरांनी बाहीने त्यातले दोन पुसले.

"अहो! सहा माणसांवर हिशेब मांडलाय सगळा."

"सहातली चार घरी जाऊन शिव्या देतील. चारातली चार पुन्हा येतील. माझ्याकडे घट्ट पँट घेऊन गेलेला माणूस परत आलाय का कधी?"

मग त्यांनी खडू उचलला आणि एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत, तिथून तिसऱ्यापर्यंत तार काढत गेले. खाली, वर. खाली, वर. ताईने नकाशात तार काढलीच नव्हती. नुसते सुटे खांब उभे होते.

रविवारी पुन्हा तिघं निघाली. नणंद पुढे, मास्तर मागे, पण सरळ. तोंडात आल्याचा तुकडा होता. सवय लगेच जात नाही. चाकांतली हवा सोडली. वाकडा गेला, सासूबाई करकरल्या, नवरदेव गेला. ह्या खेपेला ताई मध्ये मध्ये थांबून दरीही दाखवत होती, पण जरा अवघडून, दुसऱ्याच्या घरातली भांडी दाखवावीत तशी. तिचा निम्मा जीव आरशात होता.

वाट तारेखालून पलीकडे जाते ती जागा आली. ताईने गाडी अगदी गोगलगायीसारखी घेतली. तार डावीकडून डोक्यावर आली आणि उजवीकडे गेली. आरशात मास्तरांनी नुसती मान तेवढी वळवली. डावीकडची उजवीकडे. बस्स.

ओघळ आला. दगड आले. नणंदेने दांडा घट्ट धरला होता आणि डोळे भावाकडे. हादरा बसला. मास्तरांनी सीटवर थाप मारली.

ताईने ब्रेक दाबला. "झालं का?"

"काय झालं का?"

"उतरायचंय ना?"

"उतरू कशाला?" मास्तर वैतागून म्हणाले. "त्या घारीचं काय झालं ते विचारतोय. त्या दिवशी पिल्लांपाशी आणून सोडलंस आम्हाला. लाइनमनची नोकरी गेली की राहिली?"

ताई मागे वळून हसायलाच लागली. नणंदेने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "वहिनी, त्या खुर्चीचं काय म्हणून सांगायचं साहेबांना?"

"ज्याला बसून काम आवडतं त्याला द्या म्हणावं." ताईने गिअर टाकला. "नोकरी राहिली. पिल्लं उडेपर्यंत आम्ही रोज यायचो, घरट्याच्या काटक्या तारेपासून बाजूला करायला. मग शेजारी एक जुना खांब रोवला, त्याच्यावर आडवी फळी मारली आणि घरटं अलगद तिथे ठेवलं. साहेब म्हणाले, पक्ष्याला काय कळतंय, तो कशाला येतोय तिथे?"

"आणि?"

जीप चढ संपवून माळावर आली. समोर दोन खांब शेजारी शेजारी उभे होते, एकावर तार आणि एकावर फळी, फळीवर ताज्या काटक्यांचं घरटं. ताईने गाडी बंद केली, म्हणजे वाऱ्याचा आवाज ऐकू यावा.

"वर बघा," ती म्हणाली.