निर्मलाशी माझं एकमत झालं ती गोष्ट

चहा घ्या आधी. पुढचं ऐकून तुम्ही मला बावळट म्हणणार आहात. म्हणा, पण दोन घोट पोटात गेल्यावर म्हणा. लोक भांडून हातचं माणूस घालवतात, मी एकमत करून घालवलं! असा कोणी पाहिलाय तुम्ही?

घरोघरी टीव्ही यायच्या आधीची गोष्ट. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि सक्करदऱ्याला तलावाजवळ खोली घेऊन राहत होतो. घरमालकांना सगळी गल्ली मामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी. मामांची खरीखुरी भाची निर्मला उमरेडहून मास्तरणीचं ट्रेनिंग करायला त्यांच्याकडे येऊन राहिली होती. मला ती आवडली. आवडली म्हणजे काय, जन्माला हीच पाहिजे असं वाटायला लागलं. ट्रेनिंग संपून ती गावी जायच्या आत मामांकडे विषय काढायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. फक्त तोंड उघडत नव्हतं.

आता मधे आल्या मामी. मामींना गुन्हेगारीच्या पिक्चरचं वेड. साधीसुधी मारधाड नाही हं. अंधाऱ्या गल्ल्या, विकले गेलेले पोलीस, स्मगलर आणि शेवटी हिरोसुद्धा मेलेला, असले पिक्चर. 'मर्डर नसन तर तो पिच्चर कायचा गा?' असं त्या मला मेथी निवडता निवडता विचारायच्या. मामा सिनेमाला पाप समजायचे. त्यामुळे रविवारी तीनच्या खेळाला मामी, सोबतीला निर्मला आणि दोघींच्या सोबतीला मी.

बायकांची तिकिटाची खिडकी तेव्हा वेगळी असायची. पुरुषांच्या रांगेत शर्टाची बटणं जायची, म्हणून मामीच तिघांची तिकिटं काढायच्या आणि मी फुटाण्याचा पुडा धरून उभा. आत बसायची पद्धत ठरलेली. एका बाजूला मी, पलीकडे निर्मला, मधे मामी. मामी अंगानं चांगल्या भरभक्कम, त्यामुळे पलीकडचं काही दिसायची सोय नव्हती. तशी मला फुरसतही नव्हती म्हणा. पिक्चर सुरू झाला की मी त्यात बुडायचो.

खरी मजा परतीच्या वाटेवर यायची. मामींचे गुडघे दुखायचे, त्या मागे राहायच्या. पुढे आम्ही दोघं, भांडत. मी म्हणायचो, हे पिक्चरवाले जग आहे तसं दाखवतात, उगाच झाडामागे गाणी म्हणत नाहीत. ती विचारायची, तुमच्या हापिसात रोज चाकू चालतात काय? मी म्हणायचो, त्या गुंडाला परिस्थितीनं गुंड केलं. ती म्हणायची, परिस्थिती तर त्याच्या शेजाऱ्याचीही तीच होती. हरायचो मीच, पण भांडण मिटू नये म्हणून तलाव आला की मी मुद्दाम लांबच्या अंगानं वळायचो. ती कधी म्हणाली नाही की इकडून कायले चाललो.

एकदा ती म्हणाली, "गुंड कसा मेला ते दाखवते. त्याची माय मंग कशी जगते, ते काहून नाही दाखवत?"

"तसं दाखवलं तर पाहायले येईल कोण?"

"मी येईन," ती म्हणाली.

त्या दिवशी तिचे डोळे ओले होते. आणि इथेच माझी अक्कल गहाण पडली. मला वाटलं, अरे, ही पोरगी मामींच्या भिडेखातर हे रक्त सोसते आहे, आणि आपण नालायक तिच्याशी वाद घालतो! प्रेम म्हणजे त्याग, असं कुठेतरी वाचलेलं होतं. रात्रभर विचार केला आणि सकाळी जाऊन मामींना सांगून टाकलं, आजपासून मारधाड बंद. आता फक्त देवाधर्माचे पिक्चर.

मामींना धक्का बसला. पण गल्लीत बातमी पसरली आणि पुढच्या रविवारी आमच्याबरोबर निम्म्या गल्लीतल्या बायका निघाल्या. पडद्यावर देव प्रगट झाले की हात जोडायच्या. मला रांगेच्या टोकाला बसवलं आणि मांडीवर कोणाचं तरी पोर दिलं. देवानं आशीर्वाद दिला त्याच क्षणी पोरानंही माझी पॅन्ट भिजवली.

परत येताना निर्मला बायकांच्या घोळक्यातून मुद्दाम पुढे आली. मी विचारलं, कसा वाटला? ती म्हणाली, चांगला होता. मीही म्हणालो, चांगला होता. झालं! पुढे बोलायला काय राहतं? तलाव आला. आम्ही सरळ वाटेनं घरी.

दारात ती थांबली. "नवा पिच्चर लागला म्हणते, स्मगलरचा. तुमी नाही जाणार?"

"नाही. तुमचं म्हणणं मले पटलं. वाईटच असते ते."

तिनं विचारलं, "एवढ्या लवकर पटलं तुमाले?"

"शंभर टक्के," मी छाती फुगवून सांगितलं.

ती आत निघून गेली. मला वाटलं, भारावली. तुम्ही हसताय, पण मी त्या रात्री खरोखर समाधानानं झोपलो.

त्यानंतर ती रविवारी यायची बंद झाली. अभ्यास आहे म्हणे. मी मात्र गल्लीचा भक्तराज झालो. कोणाकडे सत्यनारायण असला की टाळ माझ्या हातात. मामा तर इतके खूष की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, पोरगा साधू हाये, ह्याले संसारात गोडी नाही. मी खाली मान घालून हसायचो. मान वर करून 'आहे हो, गोडी आहे!' एवढं म्हणायला काय झालं होतं मला?

ट्रेनिंग संपत आलं तेव्हा मामांनी एक दिवस मला बोलावलं. मला वाटलं, आता मामाच विषय काढतात. मामा म्हणाले, निर्मलासाठी इतवारीतला एक पोरगा पाहायला जायचं आहे, निर्मोही माणसाची नजर साफ असते, तेव्हा तू चाल.

गेलो. करतो काय! मुलाचं किराण्याचं दुकान होतं. रंगानं गोरा, बोलायला अदबीचा. मी त्याची खोट शोधून शोधून दमलो. शेवटी विचारलं, पिक्चर पाहता का? त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, मारधाडीचा एक सोडत नाही, मर्डर पाह्यल्याबिगर रविवार गेला असं वाटतच नाही. मला असा आनंद झाला की मी आणखी एक लाडू मागून घेतला. गेला बेटा कामातून!

घरी आल्यावर मामांनी विचारलं, कसा वाटला? मी स्वयंपाकघरात नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, बाकी ठीक आहे मामा, पण मारधाडीच्या पिक्चरचं भारी वेड आहे. आतला भांड्यांचा आवाज थांबला. निर्मला दारात आली. माझ्याकडे बघितलंही नाही.

"मामा, मले पसंत हाये," ती म्हणाली.

लग्नात पंगतीत वाढायला मीच होतो. पुढे माझंही लग्न झालं, संसार झाला, तक्रार काही नाही. पण अजूनही टीव्हीवर कोणी अंधाऱ्या गल्लीत धावायला लागलं की मला तलावाच्या बाजूची ती लांबची वाट आठवते, आणि वाटतं, कोणीतरी शेजारी असावं, म्हणावं, 'हे सगळं खोटं हाये.'

निर्मलाच्या लग्नानंतरच्या रविवारी मामी माझ्या खोलीवर आल्या. म्हणाल्या, पुरे झाले देव, चाल. आम्ही दोघंच गेलो. इंटरवलमध्ये न राहवून मी विचारलं, मामी, तिला असले पिक्चर आवडत नव्हते, मग त्या मुलाला हो काहून म्हणाली?

"भांडाले कोणी पाहिजे ना तिले," मामी फुटाणे सोलत म्हणाल्या. "तू तर देवाले लागला."

"पण मी तिच्यासाठीच सोडले होते!"

मामींचा हात पुड्यातच राहिला. "अरे बाप्पा! पोरगी पिच्चर पाहत कुठी होती? चाकू निघाला की डोळे मिटे, अन् बाकी वेळ माझ्या पाठीमागून वाकून तुलेच पाहत राहे. दर रविवारी. तुले कधी दिसलं नाही काय गा?"

"कसं दिसन मामी?" मी म्हणालो. "मी पिच्चर पाहून राहिलो होतो ना."